मेई शिआंगची पाच वेतं

मादी पोट जमिनीला टेकून सपाट पसरते. नर येतो, तिच्या पाठीवर चढतो आणि तिथंच उभा राहतो. तिनं कंबर उचलायला हवी, त्यानं मागं बसून तिला जवळ ओढून घ्यायला हवं. दोघांनाही ते सुचत नाही. थोडी धडपड होते, ती वैतागून सरकते, तो उतरून बाजूला जातो. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात मेई शिआंग आणि तिआन तिआन या पांडांच्या जोडीचं वर्षानुवर्षं हेच होत राहिलं. दोघांचं वाकडं होतं असं नाही. माजावर आली की ती साद घालायची, जाळीपलीकडून तोही उत्तर द्यायचा. नेमकी शेवटची पायरी जमत नव्हती.

तरीही या जोडीची चार पिल्लं जगली आणि मोठी झाली. त्यातलं एकही मीलनातून जन्मलेलं नाही.

हे प्रकरण एरवी चिकाटीची यशोगाथा म्हणून सांगितलं जातं. चिकाटी होतीच, ती मी नाकारत नाही. पण मादी वांझ नव्हती आणि नरातही दोष नव्हता. नडलं ते दोघांना एकत्र आणल्यावर. कृत्रिम रेतनानं ती अडचण सुटली नाही, तिला वळसा घातला गेला. त्या वळशात प्राणिशास्त्राला फार मोलाचं ज्ञान मिळालं आणि त्याचा बराचसा भार एका मादीनं वाहिला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि पुढच्या जोडीबद्दल ठरवताना दोन्ही समोर हव्यात.

आधीची जोडी

वॉशिंग्टनला पांडा नवे नव्हते. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष निक्सन यांच्या चीनभेटीनंतर एप्रिल 1972 मध्ये लिंग-लिंग ही मादी आणि शिंग-शिंग हा नर तिथं आले. ती भेट होती. भाडं नाही, मुदत नाही. 1983 ते 1989 या काळात लिंग-लिंगला पाच पिल्लं झाली. त्यातलं एकही काही दिवसांपलीकडे जगलं नाही. 1992 च्या डिसेंबरात ती गेली, 1999 च्या नोव्हेंबरात शिंग-शिंगलाही वेदनामुक्त मरण द्यावं लागलं. पांडांचं घर रिकामं झालं, आणि पांडा जगवता आला तरी त्याची वीण जमत नाही ही रुखरुख त्या संस्थेत राहिली.

6 डिसेंबर 2000 रोजी नवी जोडी आली. मेई शिआंगचा जन्म 22 जुलै 1998 चा, तिआन तिआन तिच्याहून जवळपास वर्षभरानं मोठा. दोघंही सिचुआनमधल्या वोलोंगच्या प्रजनन केंद्रातले. आता हिशेब बदललेला होता. पांडा चीनचेच, अमेरिकेकडे दहा वर्षांसाठी कर्जाऊ, त्यासाठी वर्षाला 10 लाख डॉलर. होणारं पिल्लूही चीनचं. ते मोठं झालं की परत पाठवायचं. अमेरिकी नियमाप्रमाणे हा पैसा रानातल्या पांडांच्या संवर्धनाला लागणं बंधनकारक होतं.

जोडी निवडताना वंशावळ पाहिली जाते. दोघं जवळच्या नात्यातले नाहीत ना, त्यांची जनुकं बंदिस्त पांडांमध्ये आधीच फार पसरलेली नाहीत ना, हे कागदावर तपासतात. एकमेकांना ते आवडतील का, हे कागदावर कळत नाही. त्या वेळी ते कुणी गांभीर्यानं विचारतही नव्हतं.

वर्षातले दोन-तीन दिवस

पांडाची मादी वर्षातून एकदाच माजावर येते, बहुधा वसंतात. त्यातही ती फळू शकते ते फार तर 24 ते 72 तास. ते हुकले की पुढच्या वसंतापर्यंत वाट पाहायची.

म्हणून फेब्रुवारी उजाडला की मेई शिआंगचं मूत्र रोज गोळा व्हायचं. त्यातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक चढत जातं, शिखर गाठतं आणि धाडकन खाली येतं. ती घसरण म्हणजे बीज सुटल्याची खूण. बाहेरून दिसणाऱ्या खुणाही होत्या. ती अस्वस्थ फेऱ्या मारायची, पाण्यात जाऊन बसायची, भिंतींना आणि दगडांना शेपटीखालची ग्रंथी घासून वास सोडायची. एरवी पांडा एकलकोंडा प्राणी. वर्षभर दोघांची आवारं वेगळीच असायची, मधे जाळी. या दिवसांत मात्र जाळीच्या दोन्ही बाजूंनी आवाज यायचे, मेंढराच्या बेंबाटण्यासारखे आणि मधेच पाखरासारखे बारीक. शिखर जवळ आलं की दार उघडायचं, आणि मग लेखाच्या सुरुवातीला सांगितलं ते घडायचं.

दार बंद झालं की कृत्रिम रेतनाची तयारी. दोघांनाही पूर्ण भूल. नराचं वीर्य सौम्य विजेच्या साहाय्यानं काढायचं, सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचं, आणि मादीच्या गर्भाशयात सोडायचं. हे काम बसवण्यात जो-गेल हॉवर्ड या स्मिथसोनियनच्या प्रजननशास्त्रज्ञ बाईंचा वाटा फार मोठा. 1998 ते 2000 या काळात चिनी आणि पाश्चात्त्य पशुवैद्यांनी मिळून चीनमधल्या 61 पांडांची कसून तपासणी केली होती, त्यातही त्या होत्या. त्या तपासणीत दिसलं होतं की बऱ्याच नरांचं वीर्य उत्तम आहे, पण ते कधी मीलन करतच नाहीत. तिआन तिआन त्यातलाच निघाला.

मार्च 2005 मध्ये रेतन झालं आणि 9 जुलैला मेई शिआंग पहिलं वेत व्याली. एका कर्मचाऱ्यानं ते पिल्लू लोण्याच्या कांडीएवढं असल्याचं सांगितलं आणि शहरात तेच त्याचं लाडकं नाव पडलं. शंभर दिवसांनी रीतसर नाव ठेवलं, ताई शान. त्या प्राणिसंग्रहालयात जन्मून जगलेलं हे पहिलंच पांडाचं पिल्लू. पहिलटकरीण असूनही मेई शिआंगनं त्याला उचललं, छातीशी धरलं आणि खाणंपिणं सोडून दिवसचे दिवस गुहेत बसून राहिली. आई म्हणून तिला काहीही शिकवावं लागलं नाही. मीलन येत नाही आणि आईपण उपजत येतं, हे एकाच जनावरात पाहायला मिळालं.

खोटी गर्भावस्था

या प्रकरणाचा सगळ्यात अवघड आणि माझ्या मते सगळ्यात शिकवणारा भाग 2007 पासूनचा आहे. तेव्हापासून लागोपाठ पाच वेळा मेई शिआंगनं गाभण असल्याची सगळी लक्षणं दाखवली आणि पाचही वेळा पोटात काही नव्हतं.

पांडाच्या शरीरात एक विचित्र गोष्ट आहे. बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक चढतं, गर्भ असो वा नसो. काही आठवडे ते मध्यम पातळीवर रेंगाळतं, मग एकदम दुसरी उसळी घेतं. त्या उसळीनंतर साधारण 40 ते 50 दिवसांत एक तर पिल्लू होतं, नाही तर ती खोटी गर्भावस्था संपते. आलेख दोन्ही वेळा सारखाच. वागणंही सारखंच. मेई शिआंग बांबू तोडून गुहेत घरटं घालायची, खाणं कमी करायची, तासन्‌तास झोपायची, मोठा आवाज झाला की दचकायची, एखादं खेळणं दोन्ही पंजांत धरून पिल्लासारखं कवटाळायची.

वर गर्भ रुजण्याची वेळही ठरलेली नाही. फळलेलं बीज गर्भाशयात नुसतं तरंगत राहतं आणि कधी तरी भिंतीला चिकटतं. मेई शिआंगचेच आकडे पाहा. रेतनापासून पिल्लापर्यंत 2005 मध्ये 120 दिवस लागले, 2012 मध्ये 140, 2013 मध्ये 146, 2015 मध्ये 118 आणि 2020 मध्ये 152. एकाच मादीच्या दोन वेतांमध्ये महिनाभराहून जास्त फरक! ज्यांना तारीख मोजायची सवय आहे त्या पशुवैद्यांना इथं काही मोजताच येत नव्हतं.

उरली सोनोग्राफी. तिच्यासाठी भूल द्यायची नव्हती, म्हणून कीपरांनी मेई शिआंगला शिकवलं. हाक मारली की यायचं, पाठीवर आडवं व्हायचं, पोट मोकळं ठेवायचं आणि थंड जेल लावून यंत्र फिरेपर्यंत हलायचं नाही. बदल्यात मधाचं पाणी. पण त्यातही एक अडसर होता. खुद्द गर्भ इतका लहान आणि शेवटच्या काही आठवड्यांतच वाढणारा, की तो दिसण्याच्या सुमारास मादी माणसं टाळायला लागते आणि तपासणीला येणंच बंद करते. त्यानंतर फक्त कॅमेऱ्यावर नजर ठेवायची. स्वयंसेवक पाळ्या लावून रात्रभर पडद्यासमोर बसायचे. ऑगस्ट-सप्टेंबरात प्रोजेस्टेरॉन खाली यायचं, मेई शिआंग एके दिवशी गुहेतून उठून बाहेर यायची आणि बांबू खायला लागायची. त्या वर्षाचं संपलं.

मला इथं त्या माणसांचं कौतुक वाटतं ते एका गोष्टीसाठी. दरवर्षी ते जाहीरपणे सांगत राहिले की ती गाभण आहे की नाही हे आम्हाला माहीत नाही. पत्रकार विचारत, लोक विचारत, वरून पैशाचा दबाव. तरी अंदाज खरा म्हणून विकला नाही. आणि प्रत्येक रिकाम्या वर्षाचे नमुने, आलेख, चित्रं जपून ठेवली. खऱ्या आणि खोट्या गर्भावस्थेतला फरक शोधण्यासाठी दोन्ही प्रकारच्या नोंदी लागतात, आणि खोटीच्या इतक्या सलग नोंदी एका मादीकडून मिळणं दुर्मीळ.

निर्णयाचं वळण

डिसेंबर 2010 मध्ये करार संपला. जानेवारी 2011 मध्ये पाच वर्षांचा नवा झाला, भाडं निम्म्यावर, वर्षाला 5 लाख डॉलर. त्यात एक कलम होतं: पहिल्या दोन वर्षांत पिल्लू झालं नाही तर एक किंवा दोन्ही पांडा बदलण्याचा विचार करायचा.

माझ्या दृष्टीनं जोडी मोडायची ती हीच वेळ होती. मेई शिआंग तेव्हा साडेबारा वर्षांची, ताई शानची आई झालेली, नर बदलला असता तर कदाचित स्वतःहून फळली असती. तिआन तिआनलाही दुसरी, अनुभवी मादी मिळती तर तो शिकला असता. हे नुसतं माझं मन सांगत नाही. चीनमधल्या बिफेंगशियाच्या पांडा केंद्रात मेगन मार्टिन-विंटल आणि सहकाऱ्यांनी केलेला आणि 2015 मध्ये छापून आलेला अभ्यास आहे. तिथं पांडांना शेजारच्या दोन जोडीदारांतून आपली पसंती दाखवू दिली. पसंतीच्या जोडीदारासोबत मीलन आणि पिल्लं होण्याचं प्रमाण स्पष्टपणे वाढलं, आणि पसंती दोन्हीकडून असेल तेव्हा सर्वांत जास्त. नाव घ्यायला हा अभ्यास 2011 मध्ये नव्हता, हे खरं. पण दार उघडल्यावर काय होतं ते तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

जोडी बदलली गेली नाही, कारण कलमाची मुदत संपण्याआधीच पिल्लू झालं.

सहा दिवस

16 सप्टेंबर 2012, रात्री पावणेअकराच्या सुमारास कॅमेऱ्यावर किंचाळी ऐकू आली. नवजात पांडा 100 ग्रॅमच्या आसपास असतो, आईच्या वजनाच्या सुमारे 900 व्या हिश्शाचा. आंधळा, गुलाबी, जवळजवळ उघडा. पण आवाज मात्र त्याच्या आकाराला न शोभणारा मोठा, कारण आईला तो कुठं आहे ते त्याच आवाजानं कळतं. कीपर गुहेजवळ गेले नाहीत. आई नीट सांभाळत होती आणि त्यांनी तिच्यावर भरवसा ठेवला.

23 तारखेला सकाळी सव्वानऊला मेई शिआंग स्वतःच किंचाळली. तो आवाज वेगळा होता. ती उठली होती आणि पिल्लाचा आवाज येत नव्हता. तिला बाजूला बोलावून पिल्लू काढून घेतलं, पशुवैद्यांनी हृदय चोळलं, श्वास देऊन पाहिला. उपयोग झाला नाही. शवविच्छेदनात कळलं की मादी पिल्लू होतं. फुफ्फुसं पुरती तयार झालेली नव्हती, त्यामुळे यकृताला प्राणवायू पुरला नव्हता. आईची चूक नव्हती, कीपरांचीही नव्हती.

त्या आठवड्यात मेई शिआंगनं एक खेळणं उचलून कवटाळलं होतं अशी बातमी आली. खोट्या गर्भावस्थेत ती हे करायचीच. पण त्या सकाळनंतर ते बघणं कीपरांना किती जड गेलं असेल याची कल्पना येते.

पुढच्याच वर्षी, 23 ऑगस्ट 2013 ला, बाओ बाओ जन्मली. या खेपेला तिआन तिआनच्या वीर्यासोबत सॅन दिएगोच्या गाओ गाओ या नराचं गोठवलेलं वीर्यही वापरलं होतं. डीएनए तपासल्यावर बाप तिआन तिआनच ठरला. दुसऱ्या दिवशी तिचं जुळं भावंड मेलेलं जन्माला आलं. बाओ बाओ मात्र धडधाकट वाढली.

जुळ्यांची अदलाबदल

पांडाला जुळी वारंवार होतात, जवळपास निम्म्या वेळा. पण आई एकालाच वाढवते. दुसरं बाजूला पडून राहतं. क्रूरपणा नव्हे तो. दिवसरात्र पुन्हा पुन्हा पाजायचं, चाटून लघवी-शी करवायची, ऊब द्यायची, हे एका वेळी दोघांचं तिच्यानं होत नाही. चिनी कीपरांनी यावर युक्ती काढली: एक पिल्लू आईकडे, दुसरं उबदार पेटीत, आणि काही तासांनी अदलाबदल. आईला वाटतं आपलं एकच आहे. चीनच्या केंद्रांत पिल्लं जगण्याचं प्रमाण पालटलं त्यात या युक्तीचा वाटा फार मोठा आहे.

22 ऑगस्ट 2015 ला मेई शिआंगला जुळी झाली. मोठं 138 ग्रॅम, धाकटं जेमतेम 86. पहिल्या अदलाबदली जमल्या. मग 24 तारखेच्या दुपारी तिनं हातातलं मोठं पिल्लू सोडायलाच नकार दिला. तास गेले. धाकटं माणसांच्या हातात राहिलं. बाटलीनं, नळीनं पाजत राहिले, पण इतक्या लहान जिवाच्या नरड्यात दूध उतरवणं हे आईचं काम, ते आपल्याला नीट जमत नाही. 26 तारखेला ते गेलं. दूध श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया झाला होता. मोठ्याचं नाव पुढं बेई बेई ठेवलं.

तिच्या हातातून पिल्लू हिसकावून घ्यायला हवं होतं का? मी म्हणेन, नाही. तसं केलं असतं तर दोन्ही पिल्लं गमावण्याची भीती होती, आणि ज्या विश्वासावर ती पोट उघडं करून झोपायची, तोही गेला असता.

शेवटचं वेत

मार्च 2020 मध्ये साथीमुळे प्राणिसंग्रहालय बंद झालं आणि नेमकी मेई शिआंग माजावर आली. वय 21. इतक्या वयाच्या मादीवर बहुतेकांनी वर्ष सोडून दिलं असतं. पण स्मिथसोनियनचे प्रजननशास्त्रज्ञ पिएर कोमिझोली आणि मोजक्या सहकाऱ्यांनी 22 मार्चला एकच रेतन केलं. गर्दी टाळायची म्हणून तिआन तिआनला भूल देऊन ताजं वीर्य काढणंही टाळलं. आधी गोठवलेलं त्याचंच वीर्य वापरलं. 14 ऑगस्टच्या सोनोग्राफीत काहीतरी दिसलं. 21 ऑगस्टच्या संध्याकाळी पिल्लू झालं. अमेरिकेत केवळ गोठवलेल्या वीर्यातून जन्मलेलं ते पहिलंच पांडाचं पिल्लू, आणि मेई शिआंग त्या देशात व्यालेली सर्वांत वयस्क मादी. नाव ठेवलं शिआओ ची जी, म्हणजे छोटासा चमत्कार.

लोकांना ते नाव भावलं. मला त्या वेळची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. गोठवलेलं वीर्य पुरतं, याचा अर्थ उद्या जनावराला विमानात घालून अर्ध्या जगापलीकडे न नेता त्याचा वंश पुढं नेता येईल, आणि दरवर्षी नराला भूल देण्याचं कारणही उरणार नाही.

8 नोव्हेंबर 2023 ला मेई शिआंग, तिआन तिआन आणि शिआओ ची जी चीनला परत गेले.

हिशेब

पाच वेतं, सात पिल्लं, त्यातली चार जगली. एवढ्यासाठी एक मादी किती वसंतांत भुलीखाली गेली, किती उन्हाळे तिनं नसलेल्या पिल्लासाठी घरटं घातलं, हे त्या आकड्यांत येत नाही. ते लिहून ठेवायला हवं.

2016 मध्ये धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत पांडा 'संकटग्रस्त' वरून एक पायरी खाली, 'असुरक्षित' गटात आला. चीनच्या चौथ्या गणनेत रानात 1,864 पांडा मोजले गेले. पण तो बदल जंगल राखल्यामुळे झाला, वॉशिंग्टनमधल्या पिल्लांमुळे नव्हे, आणि तसं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. बंदिस्त पांडांची संख्या आता काहीशेंवर गेली आहे. आता प्रश्न पिल्लू मिळण्याचा राहिलेला नाही. पुढं जाऊन रानात सोडायची पिल्लं हवी असतील, तर त्यांचे आईबाप मीलन करणारे, एकमेकांना निवडणारे हवेत. जे नर-मादी कधीच एकत्र येऊ शकले नाहीत त्यांचाच वंश रेतनानं वाढवत गेलो, तर ही अडचण आपणच पुढच्या पिढ्यांत पेरत जाऊ की काय, ही शंका मला सोडत नाही.

याच्या उलट बाजूचं उत्तरही याच प्रकरणात आहे आणि ते मला टाळता येत नाही. 2011 मध्ये जोडी मोडली असती तर बाओ बाओ जन्मली नसती. ती 2017 मध्ये चीनला गेली, तिथं आई झाली, आणि तिचा मुलगा बाओ ली ऑक्टोबर 2024 मध्ये चिंग बाओ या मादीसोबत वॉशिंग्टनला आला. दोघंही तेव्हा तीन वर्षांचे.

बाओ ली आता आजोबांच्या जुन्या आवारात राहतो. तो आणि चिंग बाओ वयात आले की वसंतात तेच दार उघडेल. तेव्हा माझी एकच मागणी असेल: पहिले दोन-तीन हंगाम भुलीची सुई बाजूला ठेवा आणि नुसतं पाहा. ती कंबर उचलते का, तो बसतो का. नाहीच जमलं तर रेतनाआधी दुसरा जोडीदार शोधा. आता निवडायला पांडा पुरेसे आहेत.